गेटवरचा हवालदार साइटच्या आत कधी येणार?

पुण्यात वाकड, हिंजवडी, मांजरीच्या पट्ट्यात किंवा नवी मुंबईत उलव्याकडे, कुठल्याही मोठ्या बांधकामावर माजी सैनिक हटकून सापडतो. तो गेटवर असतो. गाडीचा नंबर, चलनावरचा माल, आत गेल्याची वेळ, बाहेर पडल्याची वेळ, सगळं रजिस्टरमध्ये स्वच्छ अक्षरात लिहिलेलं असतं. ड्युटी बारा तासांची. आणि त्याच गेटच्या आत साइट इंजिनिअर डोक्याला हात लावून बसलेला असतो, कारण शटरिंगचा, म्हणजे काँक्रीट ओतायच्या साच्याचा, फोरमन काम सोडून गेला, क्रेनवर सिग्नल द्यायला जाणता माणूस नाही आणि रात्रीच्या काँक्रीटवर कुणाला उभं करायचं हे ठरत नाही. गेटवरच्या त्या माणसाने सतरा-अठरा वर्षं पूल जोडले असतील, डोझर चालवला असेल किंवा दरीत कोसळलेली गाडी वायर रोपने वर काढली असेल. ते त्याला कुणी विचारलेलंच नसतं.

शेतीनंतर देशात सर्वाधिक रोजगार देणाऱ्या क्षेत्रांपैकी एक बांधकामाचं. २०२४ मध्ये लार्सन अँड टुब्रोसारख्या कंपनीने २५ ते ३० हजार कामगार कमी पडत असल्याचं जाहीरपणे सांगितलं. दुसरीकडे तिन्ही सेनादलांतून दरवर्षी सुमारे ६० हजार माणसं निवृत्त होतात. पेन्शनसाठी किमान १५ वर्षं सेवा लागते, त्यामुळे विशीच्या आत भरती झालेला जवान हुद्द्याप्रमाणे साधारण पस्तिशी ते पन्नाशीच्या दरम्यान घरी येतो. मुलं शाळा-कॉलेजात असतात, घराचं कर्ज असतं, अंगात अजून वीस वर्षांचं काम असतं. सातारा, सांगली, कोल्हापूर, नगर, बुलढाणा इथल्या गावागावांत अशी माणसं आहेत. त्यांच्यासाठी समाजाने एकच ठरावीक उत्तर शोधून ठेवलं आहे, ते म्हणजे सिक्युरिटी. राज्याच्या माजी सैनिक महामंडळाचं मुख्य कामसुद्धा सुरक्षारक्षक पुरवण्याचंच आहे. ही सोय अनेक घरांना आधार देते, तिला नावं ठेवण्याचं कारण नाही. पण तीच एकमेव वाट होऊन बसली, तर हातातलं कौशल्य गेटवर उभं राहून गंजतं.

२९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर चेंगराचेंगरी झाली आणि २३ माणसं गेली. त्यानंतर तिथला नवा पादचारी पूल, तसेच करी रोड आणि आंबिवलीचे पूल उभारायला लष्कराच्या इंजिनिअर दलाला बोलावलं. ऑक्टोबरअखेर घोषणा झाली, पुढच्या फेब्रुवारीत पूल वापरात आले. वायनाडमध्ये २०२४ च्या भूस्खलनानंतर चूरलमला इथे सुटे भाग जोडून उभारायचा १९० फुटांचा बेली पूल मद्रास सॅपर्सनी (सॅपर म्हणजे लष्कराच्या इंजिनिअर दलाचा जवान) ३१ जुलैला हाती घेतला आणि १ ऑगस्टच्या संध्याकाळी त्यावरून गाड्या जाऊ लागल्या. अशा वेळी सगळा देश टाळ्या वाजवतो. तो पूल जोडणारा नाईक किंवा हवालदार काही वर्षांनी निवृत्त होऊन नोकरी मागायला आला, की त्याच्यापुढे काठी आणि शिट्टी ठेवली जाते.

इंजिनिअर रेजिमेंटमध्ये कोण कोण असतं, हे बांधकाम कंपन्यांच्या मनुष्यबळ विभागाने एकदा नीट समजून घ्यायला हवं. खडकीच्या बॉम्बे सॅपर्सच्या केंद्रात जवानाला लढाईच्या प्रशिक्षणाबरोबर एक ट्रेड दिला जातो: सुतारकाम, गवंडीकाम, वेल्डिंग व लोहारकाम, प्लंबिंग, वीजकाम, सर्व्हे, ड्राफ्ट्समन, माती खोदाईची यंत्रं चालवणारा ऑपरेटर, त्या यंत्रांचा मेकॅनिक. पुढे दर टप्प्याला ट्रेड टेस्ट असते आणि क्लास, म्हणजे दर्जा, वाढत जातो. इंजिनिअर दलाबाहेरही कामाची माणसं आहेत. वाहनं आणि यंत्रं दुरुस्त करणाऱ्या ईएमई दलाचा रिकव्हरी मेकॅनिक विंच, पुली आणि वायर रोप यांच्या भाराचं गणित रोज करत असतो. तोफखान्यातल्या सर्व्हेयरला कोन आणि अंतर मोजण्याची सवय असते. सिग्नलचा लाइनमन उंचीवर काम करतो. रसद पोहोचवणाऱ्या एएससी दलाचा ड्रायव्हर घाटात जड वाहन चालवून आलेला असतो, स्टोअरकीपरने हजारो नगांचं खातं सांभाळलेलं असतं. पायदळाच्या जवानाकडे असा थेट ट्रेड नसतो हे मान्य करूनच पुढे जावं लागेल. त्याला जास्त शिकावं लागेल, आणि त्याची जागा आधी माणसं, साहित्य आणि छावणी सांभाळण्यात आहे.

‘माजी सैनिक घेतो, कारण त्यांना शिस्त असते,’ हे वाक्य प्रत्येक मालक म्हणतो. कौतुकाचं वाटतं, पण याच वाक्याने नुकसान केलं आहे. शिस्त एवढाच गुण पाहिला, की माणूस गेटवरच जातो, कारण शिस्तीचा सगळ्यात ढोबळ उपयोग तिथेच होतो. ट्रेड पाहिला तर तो आत येतो.

एक जोडी पाहा. बेली पुलाचं पॅनल १० फूट लांब आणि ५ फूट उंच, वजन सुमारे २६० किलो. ते सहा जण उचलतात. पॅनल पॅनलला पिनांनी जोडायचं, आडव्या तुळया (ट्रान्सम) बसवायच्या, पुढे हलकं नाक जोडून अख्खा सांगाडा रोलरवरून पलीकडच्या काठाकडे ढकलत न्यायचा. सुटे भाग मोजलेले, क्रम ठरलेला, कुणी कुठला भाग कुठे धरायचा हे आधीच वाटून दिलेलं. आज महाराष्ट्रातल्या उंच इमारतींवर जे अॅल्युमिनियमचं शटरिंग चालतं, ज्याला साइटवर सरसकट माइवान म्हणतात, त्याचं काम जवळजवळ असंच आहे. प्रत्येक पॅनलला नंबर, प्रत्येक सांध्याला पिन आणि वेज (पाचर), आधी भिंती, मग बीम, मग स्लॅब. खोललेली पॅनलं स्लॅबमध्ये ठेवलेल्या खाचेतून वरच्या मजल्यावर हातोहात पोहोचवायची. मजल्याचं चक्र ७ ते १० दिवसांचं धरलेलं असतं.

हे चक्र बिघडतं कुठे? पिना हरवतात. रोज थोड्या थोड्या खाली पडतात, मलब्याबरोबर जातात. मग दोन पिनांच्या जागी एक बसते, सांध्यात फट राहते, काँक्रीट भरताना सिमेंटचं दूध गळतं आणि भिंत उघडली की खडी उघडी पडलेली दिसते. पॅनलं नंबराप्रमाणे न ठेवता जागा दिसेल तिथे टाकली, की पुढच्या मजल्यावर शोधण्यातच अर्धा दिवस जातो. तेलाचा हात नीट फिरवला नाही, तर पॅनल सोलताना काँक्रीटचा पापुद्रा निघतो. सगळ्यात धोक्याचं म्हणजे घाई झाली की स्लॅबच्या पॅनलबरोबर टेकूही काढले जातात आणि मग पुन्हा ठोकले जातात. काढून परत लावलेला टेकू दिसायला तसाच, पण मधल्या काळात कच्च्या स्लॅबने स्वतःचं वजन पेललेलं असतं. बारीक भेगा तिथेच सुरू होतात. आयएस ४५६ या काँक्रीटकामाच्या भारतीय मानकाप्रमाणे ४.५ मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या (दोन आधारांमधल्या अंतराच्या) स्लॅबखालचे टेकू साध्या सिमेंटला ७ दिवस आणि त्याहून मोठ्या गाळ्याला १४ दिवस हलवायचे नसतात. ६ मीटरपर्यंतच्या बीमला १४ दिवस, त्यापुढे २१. मोजलेले सुटे भाग, बांधलेला क्रम आणि ‘सांगितल्याशिवाय हा टेकू हलणार नाही’ हा शब्द पाळणं हे सॅपरच्या हाडात मुरलेलं असतं. त्याला शिकवायचं ते आकडे आणि काँक्रीटचा स्वभाव, आणि तेवढं दोन-तीन चक्रांत होतं.

उचलण्याच्या कामाचंही तसंच. ५० टनी क्रेन ५० टन उचलते ती बूम आखूड आणि भार अगदी जवळ असताना. भार २० मीटर लांब गेला की तीच क्रेन मोजके टनच उचलू शकते. लोड चार्ट केबिनमध्ये लावलेला असतो आणि वाचला जात नाही. क्रेनच्या आधाराच्या पायांखाली (आउटरिगर) ओली भराव माती असते, माल बांधायच्या स्लिंगवर तपासणीची पट्टी नसते, सिग्नल दोघे-तिघे एकदम देतात. समृद्धी महामार्गाच्या कामावर शहापूर तालुक्यात सरलांबे इथे ३१ जुलै २०२३ च्या रात्री पुलाचे गर्डर बसवणारं यंत्र (गर्डर लाँचर) कोसळून २० माणसं मृत्युमुखी पडली. त्या अपघाताचं खापर कुणावर फोडायचं, हा इथला विषय नाही. पण वजनदार सांगाडा उंचावरून पुढे सरकवणं हे माणसाच्या हातून होणाऱ्या सगळ्यात जोखमीच्या कामांपैकी आहे, आणि ते काम ठरलेल्या क्रमाने, एकाच्याच आवाजावर, प्रत्येक पायरीला थांबून करण्याचं प्रशिक्षण देशात ज्यांना मिळतं त्यांत लष्कराचे पूल बांधणारे आहेत. त्यांना या कामापासून दूर ठेवणं परवडणारं नाही.

खोदाई घ्या. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाचा (सीपीडब्ल्यूडी) सुरक्षा नियम साधा आहे: दीड मीटर किंवा त्याहून खोल चराच्या बाजू पायरीने मागे घ्यायच्या किंवा लाकडी आधाराने धरायच्या, आणि काढलेली माती काठापासून दीड मीटर किंवा चराच्या खोलीच्या निम्मं, यांत जे जास्त असेल तेवढी लांब टाकायची. ड्रेनेजच्या चरात माणसं गाडली जातात तेव्हा बहुतेक वेळा हेच मोडलेलं असतं, कारण जेसीबीचा हात जिथे पोहोचतो तिथेच माती पडते. मोर्चा (लढाईचा खंदक) आणि बंकर खणलेल्या माणसाला काठावरचा मातीचा ढीग पाहून आपोआप अस्वस्थ वाटतं.

मजुरांच्या वस्तीबद्दल मात्र अधिक लिहायला हवं, कारण तिच्याकडे कुणी अभियांत्रिकीचा प्रश्न म्हणून पाहत नाही. २९ जून २०१९ ला पहाटे पुण्यात कोंढव्यात पावसात संरक्षक भिंत खालच्या मजुरांच्या झोपड्यांवर कोसळली आणि १५ जण गेले. छावणी कुठे टाकायची, पाणी कुठून येईल, कुठून वाहून जाईल, वरच्या अंगाला काय आहे, शौचालय वाऱ्याच्या आणि उताराच्या कुठल्या बाजूला, पिण्याच्या पाण्यापासून किती लांब, हे फौजेत पहिल्याच वर्षी शिकवलं जातं. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यानेही पिण्याच्या पाण्याची जागा शौचालय किंवा धुण्याच्या जागेपासून ६ मीटरच्या आत नको, असं सांगितलं होतं. पण कायदा वाचून छावणी उभारणारा माणूस साइटवर नसतो. पत्रे आणि बांबू घेऊन मुकादमच जागा ठरवतो. पायदळातला, कुठलाच बांधकामाचा ट्रेड नसलेला सुभेदारसुद्धा पाचशे मजुरांची छावणी पहिल्या महिन्यात जागेवर आणू शकेल. शिवाय मजूर बिहार, बंगाल, ओडिशा, झारखंडचे असतात आणि त्याच मुलखातल्या जवानांबरोबर त्याने अख्खी नोकरी काढलेली असते. त्यांची हिंदी, त्यांचं जेवण, गावी पैसे पाठवण्याची घाई, छटपूजेची रजा, यातलं काही त्याला नवीन नसतं.

आता दुसरी बाजू, आणि ती झाकून ठेवली तर हा सगळा प्रयत्न वर्षभरात कोसळेल. माजी सैनिकाला बांधकामातला पैसा माहीत नसतो. फौजेत सामान इंडेंटवर, म्हणजे मागणीपत्रावर येतं. ते वेळेवर आलं आणि खात्यात बसलं की काम झालं. साइटवर प्रत्येक नग म्हणजे रक्कम. २०० चौरस मीटरचा, १५० मिलिमीटर जाडीचा स्लॅब म्हणजे ३० घनमीटर काँक्रीट. लेव्हल नीट न पाहिल्याने जाडी फक्त १० मिलिमीटरने वाढली, तर २ घनमीटर जास्त गेलं, म्हणजे जवळपास सात टक्के, आणि त्याचं बिल कुणी देणार नाही. ३० घनमीटर काँक्रीटला आयएस ४५६ प्रमाणे तपासणीसाठी किमान ३ नमुने घ्यावे लागतात; ते घेतले नाहीत तर २८ दिवसांनी दाखवायला कागद नाही आणि चालू बिल (झालेल्या कामाचं टप्प्याटप्प्याचं बिल) अडकतं. १६ मिलिमीटरच्या सळईचं वजन काढताना व्यासाचा वर्ग भागिले १६२, म्हणजे मीटरला १.५८ किलो, हे तोंडपाठ लागतं, कारण वजनपावतीवरचं वजन आणि मोजलेलं वजन जुळवावं लागतं. बार बेंडिंग शेड्यूल (सळया कापण्या-वाकवण्याचा तक्ता) वाचणं, मोजमाप पुस्तकात नोंद करणं, ठेकेदाराच्या बिलातून साहित्याची वसुली काढणं, जादा कामाचं पत्र त्याच दिवशी पाठवणं, यातलं काहीच लष्करी सेवेत भेटत नाही.

आणि हुकमाचा प्रश्न. फौजेत हवालदाराने सांगितलं की सेक्शन, म्हणजे त्याची छोटी तुकडी, हलतो. साइटवर सेंट्रिंगची टोळी मुकादमाची असते, मजुरी चौरस फुटावर ठरलेली असते, आणि टोळीला वेळ म्हणजे पैसा. नवा सुपरवायझर मोठ्या आवाजात बोलला, तर टोळी दुपारी जेवायला जाते ती परत येत नाही. पहिल्या तीन महिन्यांत माजी सैनिक नोकरी सोडतात त्याचं हे एक मोठं कारण. उपाय कठीण नाही, पण तो कुणीतरी शिकवावा लागतो: मुकादमाला डावलायचं नाही, काम नाकारायचं असेल तर काँक्रीट भरण्याआधी तपासणीच्या कागदावर नाकारायचं, टोळीचं मोजमाप दर आठवड्याला त्यांच्यासमोर करायचं आणि पैसे वेळेवर मिळवून द्यायचे. ज्याच्यामुळे पैसे वेळेवर मिळतात त्याचं टोळी ऐकते.

ही माणसं मुळात बांधकामाकडे का वळत नाहीत, याचं कारण घरात आणि गावातही आहे. साताऱ्यातल्या अपशिंग्यासारख्या फौजींच्या गावात फौजी म्हणजे मान. वर्दी उतरवलेला माणूस हातात थापी घेऊन उभा राहिला, तर ‘एवढी वर्षं फौजेत राहून गवंडीच झालास का?’ असं विचारणारे असतात. गवंडीकाम हलकं नाही आणि ते हलकं मानणारी नजरच चुकीची आहे, पण एका कुटुंबाने ही लढाई एकट्याने लढावी अशी अपेक्षा करणं बरोबर नाही. म्हणून जागेचं नाव, वरची पायरी आणि पगार पहिल्या दिवशी लिहून द्यायला हवा: सहा महिने प्रशिक्षणार्थी, मग असिस्टंट फोरमन, दोन वर्षांनी फोरमन, पुढे बांधकाम पर्यवेक्षक. पगाराबाबत मालकांची एक सवय मोडायला हवी. ‘तुम्हाला पेन्शन आहेच ना’ असं म्हणून दोन-पाच हजार कमी दिले जातात. पेन्शन ही झालेल्या सेवेची कमाई आहे. पुढच्या कामाचा दर तिच्यावरून ठरत नाही.

गाव सोडण्याचाही प्रश्न आहे. ज्याने मुलांची शाळा पत्रांतून आणि फोनवरून पाहिली, तो पुन्हा कुटुंबापासून दूर राहायला राजी नसतो. गेटची नोकरी तालुक्याच्या गावात मिळते, हेच तिचं मोठं आकर्षण. त्यामुळे सुरुवात मुंबईच्या टॉवरांपासून न करता जिल्ह्यातल्या कामांपासून करावी: पुणे-सातारा रस्ता, जिल्हा परिषदेच्या इमारती, पाणीपुरवठ्याच्या योजना, साखर कारखान्यांची विस्ताराची कामं, कराड-सांगली-कोल्हापूरची गृहबांधणी.

कागदांचं अडतं ते वेगळंच. फौजेतून बाहेर पडताना मिळणाऱ्या डिस्चार्ज बुकमध्ये ट्रेड इंग्रजी आद्याक्षरांत लिहिलेला असतो. मुलाखत घेणाऱ्या तरुणाला त्यातून काहीच बोध होत नाही. १५ वर्षं सेवा झालेल्या दहावी उत्तीर्ण माजी सैनिकाला केंद्र सरकार गट-क पदांसाठी पदवीधराच्या बरोबरीचा मानतं, पण जिथे तांत्रिक पात्रता अनिवार्य आहे तिथे ही सवलत थांबते, आणि बांधकामात नेमकं तिथेच काम असतं. म्हणून निवृत्तीपूर्वी बांधकाम आणि यंत्रसामग्रीच्या कौशल्य परिषदांकडून पूर्वअनुभवाची चाचणी देऊन ट्रेडचं मुलकी प्रमाणपत्र घ्यावं. जड वाहनाचा मुलकी परवाना युनिटमध्ये असतानाच करून घ्यावा. गावी आल्यावर एकेका शिक्क्यासाठी फेऱ्या होतात. डिस्चार्ज बुकसोबत एक पानभर मराठीत किंवा इंग्रजीत लिहावं: कुठलं यंत्र किती वर्षं चालवलं, किती माणसांची टोळी सांभाळली, कुठल्या प्रकारचा पूल, रस्ता किंवा शेड उभारली. तैनातीची ठिकाणं आणि युनिटचा तपशील त्यात लिहायचा नाही.

इथे एक सावधगिरी सांगायलाच हवी. ‘आठवड्यात सेफ्टी ऑफिसर व्हा’ म्हणून माजी सैनिकांकडून फी उकळणारे क्लास फार झाले आहेत. बांधकाम कामगार कायद्यात ५०० कामगारांवर सुरक्षा अधिकारी बंधनकारक होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार सुरक्षेच्या नव्या संहितेने ही मर्यादा बांधकामासाठी २५० वर आणली, त्यामुळे मागणी वाढणार हे खरं. पण त्या पदाला अभियांत्रिकीची पदवी किंवा पदविका आणि सुरक्षेचा मान्यताप्राप्त अभ्यासक्रम लागतो. आठवड्याच्या प्रमाणपत्रावर ते मिळत नाही. हवालदाराने आधी सेफ्टी स्टुअर्ड, म्हणजे साइटवर सुरक्षेची देखरेख करणारा, म्हणून आत जावं. तिथे उंचीवरचं काम, हार्नेस, परमिट आणि सकाळची पाच मिनिटांची सूचना यांवर त्याची हुकमत असते. पदविका नोकरी करत करत पूर्ण होते.

अमेरिकेत २००३ पासून बांधकाम कामगार संघटना आणि ठेकेदार मिळून ‘हेल्मेट्स टू हार्डहॅट्स’ हा कार्यक्रम चालवतात. माजी सैनिकाला थेट पगारी उमेदवारीत, म्हणजे काम शिकण्याच्या नोकरीत, घेतलं जातं. उमेदवाराचा पगार सुरुवातीला कमी असतो, म्हणून सरकार माजी सैनिकांच्या शैक्षणिक लाभातून घरभत्ता देतं: पहिले सहा महिने पूर्ण, मग दर सहा महिन्यांनी ८०, ६०, ४० आणि शेवटी २० टक्के. पगार चढत जातो तसा भत्ता उतरत जातो. तिथल्यासारख्या ताकदवान कामगार संघटना आपल्याकडच्या बांधकामात नाहीत, तेव्हा ती योजना जशीच्या तशी उचलता येणार नाही. पण उतरत्या भत्त्याची कल्पना आपल्याला अगदी हवी तशी आहे, कारण आपलाही माणूस पहिल्या सहा महिन्यांतच गळतो.

आपल्याकडे पुनर्वसन महासंचालनालय निवृत्तीपूर्वी अभ्यासक्रम चालवतं आणि जवानांची फी सरकार भरतं. अशा एका अभ्यासक्रमाचे २४ आठवडे बांधकामासाठी असे वाटावेत: पहिले सहा आठवडे नकाशा वाचन, मोजमाप, काँक्रीट आणि सळई, पनवेलला एल अँड टीची आहे तशा कंपनीच्या प्रशिक्षण शाळेत, पुढचे चौदा आठवडे चालू साइटवर, एका अनुभवी फोरमनच्या हाताखाली, ज्यात पायापासून किमान एक पूर्ण स्लॅबचक्र, एक पावसाळी काम आणि एक चालू बिल हातून गेलंच पाहिजे, शेवटचे चार आठवडे मजूर कायदे, हजेरी, एक्सेल आणि रोजचा प्रगती अहवाल. वर्गात बसवून २४ आठवडे संपवले, तर हाती फक्त प्रमाणपत्र येईल. हा सगळा खर्च बांधकाम मजुरांच्या उपकरातून करावा असं सुचवणारे आहेत. तो पैसा मजुरांच्या आजारपणाचा, बाळंतपणाचा आणि त्यांच्या मुलांच्या शाळेचा आहे. त्याला हात लावू नये.

अग्निवीरांचा विचार स्वतंत्रपणे करायला हवा. जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या योजनेतली पहिली तुकडी २०२६ च्या अखेरीस आणि २०२७ च्या सुरुवातीला चार वर्षं पूर्ण करते. चौघांतल्या एकालाच पुढे ठेवण्याची तरतूद आहे. बाकीच्यांच्या हाती सुमारे ११.७१ लाखांचा सेवानिधी येईल, पेन्शन नाही. विशीतली ही मुलं फोरमन म्हणून विकू नयेत. त्यांनी ट्रेडवर पुरेसा काळ घालवलेलाच नसतो. ती उत्तम उमेदवार आहेत: टॉवर क्रेन, एक्स्कॅव्हेटर, सर्व्हेचं कोन-अंतर मोजणारं टोटल स्टेशन, शटरिंग. दोन वर्षं उमेदवारी आणि सोबत सायंकाळची पदविका, ही त्यांची सरळ वाट. सेवानिधीतून लगेच जेसीबी घेण्याचा सल्ला त्यांना गावोगाव मिळेल, आणि तो फार महागात पडू शकतो. हप्ता बारा महिने असतो, माती काम जून ते सप्टेंबर जवळजवळ बंद. तासाला पाच-सहा लिटर डिझेल रोख लागतं, आणि ठेकेदाराकडून पैसे दोन-तीन महिन्यांनी येतात. आधी दुसऱ्याच्या यंत्रावर किमान दोन पावसाळे काढावेत, तोवर सेवानिधी बँकेत राहू द्यावा.

मालकांच्या सदिच्छेवर हे चालणार नाही. सरकारी निविदांत ठेकेदाराने किती तांत्रिक कर्मचारी साइटवर ठेवायचे याचा तक्ता असतो. सीपीडब्ल्यूडीच्या करारात तर माणूस ठेवला नाही तर वसुलीची तरतूद आहे. सार्वजनिक बांधकाम विभाग, रस्ते विकास महामंडळ, सिडको आणि एमएमआरडीए यांनी त्याच तक्त्यात एक ओळ घालावी: ठरावीक रकमेवरच्या कामाला एक फोरमन किंवा सेफ्टी स्टुअर्ड इंजिनिअर दल वा तत्सम ट्रेडचा, मुलकी प्रमाणपत्र घेतलेला माजी सैनिक असावा, आणि त्याची हजेरी चालू बिलासोबत जोडावी. माणूस कागदावरच दाखवला जाण्याचा धोका यात आहे, म्हणून काँक्रीट भरण्यापूर्वीच्या तपासणी पत्रकावर त्याची सही बंधनकारक हवी. सही नसेल तर ते काँक्रीट मोजमापात धरू नये. तरुण पदविकाधारकांची जागा जाईल ही भीती रास्त आहे, तेव्हा ही जागा इंजिनिअरच्या बदली न देता फोरमनच्या स्तरावर जादा असावी. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांनी नोंदणीच्या यादीत आज हुद्दा आणि शिक्षण असतं तिथे ट्रेड, ट्रेडचा क्लास, चालवलेली यंत्रं आणि किती किलोमीटरच्या आत काम हवं हे चार रकाने वाढवले, तर साताऱ्याच्या ठेकेदाराला कोरेगावचा एक्स्कॅव्हेटर ऑपरेटर एका फोनवर सापडेल.